गोंदणराव

गोंदणराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते मी ठेवलं. वय ३२, नोकरी हिंजवडीला, मुक्काम आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. पौषातल्या कडाक्याच्या थंडीतही हा माणूस बिनबाह्यांच्या बनियनवर पार्किंगमध्ये उभा असतो. शर्ट घातला तर एवढा खर्च करून उपयोग काय? डाव्या मनगटावर अरबी, त्याच्या वर हिब्रू, दंडावर जपानी, मानेमागे उभ्या ओळीत चिनी आणि पोटरीवर तिबेटी. यातली एकही लिपी त्यांना वाचता येत नाही. दोन्ही हात पुढे करून ते उभे राहिले की मला परदेशी औषधाच्या खोक्यातली ती घडीघडीची माहितीपत्रिका आठवते. अक्षरं सगळ्या जगाची, पण गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते काही कळत नाही.

मी ३४ वर्षं मुद्रितशोधक होतो. पुण्यातल्या एका छापखान्यात शिशाच्या खिळ्यांपासून डीटीपीपर्यंत सगळं पाहिलं. या धंद्यात डोळ्याला खोड लागते. लिहिलेलं दिसलं की वाचायचं, वाचलं की त्यातली चूक हुडकायची. लग्नाला गेलो तरी मी आधी पत्रिका तपासतो, मग वधूवर. आमच्याच हातून एकदा ‘शुभविवाह’मधला ‘वि’ गळाला होता. पाचशे पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आणि त्याचे पैसे मालकांनी माझ्या पगारातून कापले. गोंदणरावांच्या अंगावरचं मला वाचता येत नाही म्हणून खरं तर मी सुखात असायला हवा होतो. पण मूळ प्रत न बघता थेट छपाईला गेलेला मजकूर, आणि तोही माणसाच्या कातडीवर, हे पाहून मला रात्री झोप लागेना.

“दंडावरच्या अक्षराचा अर्थ काय रे?” मी एकदा विचारलं.

“काका, जो स्वतःला जिंकतो तोच खरा योद्धा.”

“एवढं सगळं एका अक्षरात?”

“जपानी खूप डीप असतं, काका.”

पुढे लक्षात आलं की हे अक्षर रबरासारखं ताणतं. गणपतीत वर्गणी गोळा करताना त्याचा अर्थ ‘एकोपा’ होता. सासूबाई मुक्कामाला आल्या तेव्हा ‘मातृभक्ती’ झाला. ऑफिसातल्या वरिष्ठांसमोर तो ‘टीमवर्क’ असतो, असं त्यांच्या बायकोने मला जिन्यात सांगितलं. पेशवे दफ्तरातल्या एखाद्या कागदाचेही इतके अर्थ कुणी लावले नसतील.

बरं, हा माणूस भोळसट आहे म्हणावं तर तेही नाही. हापूसची पेटी घेताना वरचा थर उचलून, गवत बाजूला करून, खालच्या आंब्याच्या देठाचा वास घेतो. फ्लॅट घेताना दोन वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतला. आणि आयुष्यभर बाळगायच्या मजकुराला मात्र दुकानाच्या भिंतीवरचा तक्ता पुरला! सुई धरणाऱ्याला ती लिपी येत नाही, हात पुढे करणाऱ्याला येत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

कुत्र्याचा विषय निघालाच आहे, तर दंडावरचं प्रकरण सांगून टाकतो.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. माझी भाचीही त्यातलीच. ती दिवाळीत आली होती. पार्किंगमध्ये गोंदणरावांचा दंड पाहून ती आधी थबकली, मग तिने ओढणी तोंडाशी धरली. घरात येऊन तिने कागद-पेन्सिल मागितली. “मामा, हे बघ.” तिने एक आडवी रेघ काढली आणि तिच्यातून खाली उतरणारे दोन पाय. हात पसरून उभा असलेला माणूसच. “हे अक्षर म्हणजे ‘मोठा’.” मग त्याच्या उजव्या खांद्यावर एक टिंब दिलं. “हा कुत्रा.” ते टिंब खोडून दोन पायांच्या मध्ये दिलं. “आणि हा जाड.”

“मग त्याच्या दंडावर यातलं काय आहे?”

“गोंदलंय ‘मोठा’च. पण त्याला तिथे तीळ आहे.”

चष्मा लावून दुसऱ्या दिवशी मी स्वतः खात्री केली. अक्षराच्या उजव्या खांद्याशी, जिथे टिंब यायला हवं बरोबर तिथे, मोहरीएवढा काळाभोर तीळ. टॅटूवाल्याला दोष देता येत नाही, तिळावर सुई चालवायची नसते, त्याने तो सोडून गोंदलं. ब्रह्मदेवाने ३२ वर्षं आधीच टिंब देऊन ठेवलं होतं, त्याला कोण काय करणार? भाची म्हणाली, याहून नाजूक जोड्या आहेत. ‘शक्ती’च्या अक्षरातली एक रेघ आडव्या रेघेच्या वर डोकावते. ती डोकावली नाही तर त्याच अक्षराची सुरी होते. बलदंड माणसाने छातीवर शक्ती म्हणून सुरी मिरवणं तसं शोभूनही दिसेल म्हणा.

गोंदणरावांच्या जातकुळीत मोठमोठी माणसं आहेत. अमेरिकेची गायिका आरियाना ग्रांदे हिने २०१९ मध्ये आपल्या ‘सेव्हन रिंग्ज’ या गाण्याचं नाव तळहातावर जपानीत गोंदवलं. पूर्ण लिहायचं तर पाच अक्षरं लागतात. तळहातावर सुई फार दुखते, म्हणून मधली तीन गाळली. उरलेल्या दोन अक्षरांचा जपानीत एकच शब्द होतो, शिचिरिन. शिचिरिन म्हणजे कोळशावर मासे भाजायची छोटी शेगडी. लोक हसले, तेव्हा तिने दुरुस्ती म्हणून ‘बोट’ या अर्थाचं अक्षर घालून घेतलं, पण ते हवं त्या जागी पडलं नाही आणि शेगडी काही विझली नाही. हे वाचून मला तिची दयाच आली. दुरुस्ती करताना नवी चूक होते, हे आमच्या जुळाऱ्यांनी मला हजारदा दाखवलं आहे.

दुसरा फुटबॉलवाला डेव्हिड बेकहॅम. त्याने २००० साली बायकोचं नाव देवनागरीत हातावर गोंदवलं. व्हिक्टोरियामध्ये एक ‘ह’ जास्तीचा पडला म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याची भरपूर टिंगल केली. इथे मात्र मी मुद्रितशोधक म्हणून हरकत घेतो. हिंदीवाले ‘विक्टोरिया’ लिहितात, त्यांना ‘ह’ खटकणारच. आपण मराठी माणसं व्हिक्टोरिया टर्मिनस, व्हॉलीबॉल, व्हिटॅमिन असंच लिहीत आलो. त्या ‘ह’पुरतं बोलायचं तर बेकहॅमने हिंदी म्हणून जे चुकवलं ते मराठीत खपून जातं. त्याला हे कुणी कळवलं असेल असं वाटत नाही.

आमच्या गोंदणरावांनीही बायकोचं नाव गोंदवलंच. मानेमागची ती उभी चिनी ओळ तीच. दुकानातल्या तक्त्यावर ए ते झेड अशी इंग्रजी अक्षरं होती आणि प्रत्येकासमोर एक चिनी अक्षर. बायकोच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाच अक्षरांचं, म्हणून पाच चिनी अक्षरं उतरवून घेतली. आता चिनीत मुळाक्षरंच नसतात. एकेक अक्षर म्हणजे अर्थ असलेला सबंध तुकडा. ए ते झेडचा तो तक्ता म्हणजे शुद्ध थाप आहे, आणि ती जगभरच्या टॅटूच्या दुकानांतून वर्षानुवर्षं टांगलेली आहे. ऑफिसात शांघायहून एक पाहुणा आला होता. गोंदणरावांनी कॉलर खाली ओढून मान पुढे केली. पाहुण्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि अतिशय अदबीने विचारलं, “छान आहे. ही कोणती भाषा?”

या सगळ्यावर हसणं मला सोपं होतं, कारण मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. वाचता येणाऱ्याचे हाल काय होतात ते गेल्या वर्षी गोव्यात हणजुण्याला कळलं. बुधवारच्या बाजारात पुतण्याबरोबर गेलो होतो. पुढे एक गोरी बाई चालली होती, तिच्या खांद्यावर देवनागरीत ठळक ‘शांति’. माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ हवी. मग म्हटलं, हे संस्कृत असेल, तर ऱ्हस्व बरोबर, पण विसर्ग कुठे आहे? की हिंदी? हिंदी असेल तर सगळंच बरोबर. मी हा खल करत तिच्या मागे अर्धा बाजार चाललो. शेवटी पुतण्याने दंड धरून बाजूला ओढलं. “काका, लोक बघतायत.”

तोवर समोरून एक उंचापुरा दाढीवाला आला. छातीवर पंजाएवढ्या अक्षरांत ‘शवि’. मी जागच्या जागी खिळलो. हे कसं झालं असणार ते मला आमच्या डीटीपीच्या अनुभवावरून लगेच कळलं. संगणकाच्या काही प्रोग्रॅमना देवनागरीची ओळख नसते. त्यात मराठी मजकूर चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी न येता नंतर येते, आणि ‘शिव’चा ‘शवि’ होतो. जोडाक्षरंही पाय मोडून वेगळी उभी राहतात. गोंदणरावांच्या मनगटावरची अरबी अक्षरं एकमेकांचा हात न धरता सुटी सुटी का उभी आहेत, हेही मला तिथेच उमगलं. दाढीवाल्याला वाटलं, मी भाविक आहे. त्याने छातीवर हात ठेवून “शिवा!” म्हटलं. मी हात जोडले. सांगायला हवं होतं का? ३४ वर्षांत चूक दिसूनही मी गप्प बसलो, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. निदान वेलांटी अंगावर आहे, पुरती गळाली असती तर ‘शव’ झालं असतं, एवढंच स्वतःला समजावलं.

कारण सांगून करायचं काय? पुस्तकाला शुद्धिपत्र चिकटवता येतं. कातडीतली शाई पेशी गिळून बसतात आणि त्या पेशी मेल्या की नव्या पेशी ती शाई ताब्यात घेतात. वारसाची नोंद इतक्या बिनतक्रार तलाठ्याकडेही होत नाही. लेझरने काढता येते, पण एका बैठकीत नाही. दोन बैठकांमध्ये काही आठवडे थांबावं लागतं, काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-निळा चिवट असतो.

तरीही कुत्र्याचं मी सांगितलं. शेजारधर्म आहे. शिवाय ते पुढच्या वर्षी जपानला जाणार होते आणि तिथल्या बऱ्याच गरम पाण्याच्या कुंडांत टॅटू असलेल्या माणसाला शिरूच देत नाहीत, हेही कानावर घातलं. गोंदणरावांनी दंड वळवून तिळाकडे पाहिलं. मिनिटभर शांतता. मग चेहरा उजळला.

“काका, डॉग म्हणजे लॉयल्टी!”

यापुढे बोलणं खुंटलं.

मागच्या आठवड्यात ते एक कोरा कागद घेऊन आले. आता ‘आई’ लिहून हवंय आणि तेही मोडीत. आपली लिपी, आपली संस्कृती. म्हटलं, “तुला मोडी येते?” “नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो.” मला बेताचीच येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, त्यामुळे आमच्या धंद्याला तिथे फारसा वाव नाही. तरी मी त्यांना मोडी जाणणाऱ्या दोघांचे पत्ते दिले. एकाकडून लिहून घे, दुसऱ्याकडून वाचून घे आणि दुसऱ्याला आधी सांगू नकोस काय लिहिलंय ते.

“टॅटूसाठी एवढं कोण करतं, काका?”

माझ्या आजोबांनी केलं होतं. आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि मनगटावर तुळस होती, ती जत्रेतल्या गोंदणाऱ्या बाईने मनाने काढली. पण हातावर नाव घालायचं ठरलं तेव्हा आजोबा शाळेत गेले, मास्तरांकडून पाटीवर लिहून आणलं, वाटेत पाटलांकडून वाचून घेतलं आणि ती पाटी गोंदणारीपुढे धरून सुई थांबेपर्यंत उभे राहिले. आजीला वाचता येत नव्हतं, गोंदणारीलाही येत नव्हतं आणि आजोबांनाही. हातावर ‘सरसाबाई’ होतं. पुढे रेशनकार्डावर ‘सरस्वतीबाई’ आलं, तेव्हा दुकानदाराने हात बघून रॉकेल दिलं आणि कार्ड दुरुस्तीला पाठवलं.