आग्रेकर

बदलापूर फास्टच्या आमच्या ग्रुपमध्ये त्यांना सगळे आग्रेकर म्हणतात. खरं आडनाव पासवर आहे, पण पास बघण्याचा हक्क टीसीचा, आणि संध्याकाळच्या गर्दीत आमच्या डब्यात टीसी शिरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. त्यामुळे आग्रेकर ते आग्रेकरच. आग्र्याला ते जन्मात गेलेले नाहीत. ताजमहाल बघायची इच्छाही नाही. ‘शिवाजी महाराज एवढा जीव धोक्यात घालून जिथून निघाले, तिथे आपण पैसे खर्चून कशाला जायचं?’ या त्यांच्या सवालाला कल्याणपर्यंत तरी कुणाकडे उत्तर नसतं.

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे लोकलमध्ये पैशाला पासरी. कुणाला लढाया लागतात, कुणाला दरबारातली कारस्थानं, कुणाला मस्तानी. आग्रेकरांना यातलं काही नको. त्यांना फक्त परतीचा प्रवास हवा. गड घेतला, फार उत्तम. पण माणूस घरी कसा आला? कुठल्या वाटेने आला, वाटेत काय खाल्लं, दार कुणी उघडलं? हे ज्या पुस्तकात नाही ते पुस्तक ते मिटवून ठेवतात. हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ला त्यांनी हात लावलेला नाही. ‘नायक घरी येत नाही हे मुखपृष्ठावरच सांगून टाकलंय. मग वाचायचं काय?’

‘श्रीमान योगी’ त्यांनी बाइंडरकडे नेऊन कापून आणली आहे. चुकून फाटली वगैरे नाही, मुद्दाम कापली. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात एवढा जाडजूड ग्रंथ, आणि घाटकोपरला पाठीवर आणखी चार माणसं, हे जमेना. बाइंडरने आधी नकार दिला, म्हणे पाप लागेल. मग आग्रेकरांनी त्याला महाराजसुद्धा आग्र्याहून सगळ्यांना बरोबर घेऊन निघाले नव्हते हे पटवलं. आता आग्र्याचा भाग तेवढा वेगळा, लाल कापडी पुठ्ठ्यात, वर कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, त्यावर उलटा जून महिना. कडांना वडापावच्या चटणीचे ठसे आहेत. खूण म्हणून त्रैमासिक पास. बाकीचे तुकडे घरी माळ्यावर. म्हणजे राज्याभिषेक माळ्यावर आहे.

आग्र्याहून सुटकेची 17 ऑगस्ट 1666 ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की ठाऊक आहे (लग्नाची विचारली की ‘दिवाळीनंतरची’ म्हणतात). पण त्यांचा खरा जीव अडकलाय तो पुढच्या तारखेत. महाराज राजगडावर पोचले कधी? कुणी म्हणतं पंचविसाव्या दिवशी, सप्टेंबरातच. जेधे शकावली मार्गशीर्ष महिना सांगते, म्हणजे नोव्हेंबर उजाडतो. या दोन महिन्यांच्या फरकावर आग्रेकरांनी डोंबिवलीच्या एका निवृत्त मास्तरांशी असं भांडण केलं की मास्तर हल्ली पुढच्या डब्यात चढतात. आग्रेकर पंचवीस दिवसवाले. ‘आग्रा ते राजगड हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे दिवसाला चाळीस. घोडा, पावसाळा, नद्या, गोसाव्याचा वेश. बसतं की नाही गणित? आता माझं बघा. सीएसएमटी ते बदलापूर अडुसष्ट. जाऊन-येऊन एकशे छत्तीस. रोज महाराजांच्या तिप्पट!’

‘पण महाराजांच्या मागे फौलादखान होता, साहेब,’ आमचे उल्हासनगरचे फर्निचरवाले शेठ म्हणाले. ‘तुमच्या मागे कोण आहे?’

‘मागे? दिव्याचा तो जाडा आहे. कोपर काढ म्हणावं.’

ठाणं आलं की आग्रेकर ताठ होतात. गर्दीतून दिसत काही नाही, तरी दोन काखांच्या मधल्या फटीतून ते बोट दाखवतात: ‘तिकडे जेल. म्हणजे जुना किल्ला. त्रिंबकजी डेंगळे तिथून पळाला, 1816 साली.’ गंगाधरशास्त्र्यांच्या खुनापायी इंग्रजांनी त्रिंबकजीला तिथे डांबलं होतं आणि भिंतीबाहेर कुणा मोतद्दाराने गाणं म्हणता म्हणता त्याला पळायची खूण दिली, ही कथा आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ आहे. ना. सं. इनामदारांची ‘झेप’ याच त्रिंबकजीवर. पण आग्रेकरांच्या हिशेबी त्रिंबकजी नापास. डोंगरांत फिरला, माणसं जमवली, पुन्हा सापडला, आणि चुनारच्या किल्ल्यात संपला. ‘ठाण्याहून निघून जो घरी पोचत नाही,’ ते म्हणतात, ‘त्याने फास्ट पकडायला नको होती.’

पानिपतावर मात्र ते हळवे होतात. विश्वास पाटलांची कादंबरी त्यांनी मागून पुढे वाचली. 14 जानेवारी 1761 ला काय झालं ते सगळ्यांना माहीत, पण त्यानंतर विशीच्या आतले नाना फडणवीस वेश पालटून, उपाशीपोटी, पायी कसे निसटले हे नानांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि त्यावर वेगळी सहाशे पानं कुणी का लिहिली नाहीत, हा आग्रेकरांचा मराठी कादंबरीकारांवरचा कायमचा आरोप. भाऊसाहेबांच्या तोतयाबद्दल तर ते बोलायला लागले की अंबरनाथ येऊन जातं. पानिपतात पडलेले भाऊ आपणच, असं सांगत एक इसम उगवला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. ‘परत येणं सोपं आहे हो, मी तोच आहे हे पटवणं कठीण.’

हे त्यांनी एकदा घरी सांगितलं. त्याच आठवड्यात मेगाब्लॉकपायी मध्यरात्र उलटून पोचले, तर वहिनींनी साखळी लावूनच विचारलं, ‘दूध आणलंत?’ आग्रेकर विसरले होते. वहिनी म्हणाल्या, ‘मग तुम्हीच,’ आणि दार उघडलं.

शेठना आग्रेकर गेली कित्येक वर्षं एक प्रश्न विचारायचं टाळत होते, असं माझं मत आहे. उल्हासनगर म्हणजे मूळची कल्याणजवळची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी तिला गावाचं नाव दिलं. अजून पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प तीन असंच सांगतात. शेठचे वडील सक्करहून आलेले. विठ्ठलवाडी सोडताना एकदा आग्रेकरांनी विचारलंच.

‘शेठ, वडील परत कधी गेले नाहीत? एकदा तरी, बघायला?’

‘कहाँ परत, आग्रेकरसाहेब? तिकडे आमच्या घरात दुसरा आदमी बसला. तो पण बिचारा घर सोडूनच आलेला. त्याला काय उठवायचं?’

‘मग?’

‘मग काय? बराकचा नंबर मिळाला, रेशनकार्ड मिळालं. हो गया.’ आणि शेठ उल्हासनगरला उतरले.

आग्रेकर गप्प. अंबरनाथला ते रोज न चुकता शिवमंदिराचा उल्लेख करतात: 1060 सालचं, शिलाहारांचं, जवळजवळ हजार वर्षं आपल्या जागी बसून आहे; त्याला कुठे जायचंच नाही, म्हणून त्याच्यावर कादंबरी नाही. त्या दिवशी अंबरनाथ आलं, गेलं. त्यांनी पुस्तकही उघडलं नाही, आणि त्यांना चौथी का होईना पण सीट मिळालेली होती.

आता या सगळ्याचा परिणाम जो व्हायचा तो झालाच. आग्रेकर स्वतः कादंबरी लिहितायत. विषय 26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. त्या रात्री ते कुर्ल्याला रुळांत उतरले आणि चालत सुटले. त्यांची ती वाट दरवर्षी थोडी लांबते. पहिल्या वर्षी पाणी गुडघ्यापर्यंत होतं, हल्ली छातीपर्यंत आहे. गळ्यात डबा, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुस्तक. पुस्तक कोरडं राहिलं, हे मात्र खरं, मी पाहिलंय. 2019 च्या 27 जुलैला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर उतारू होते, बोटी घेऊन एनडीआरएफ आली, नौदल आलं. गावभर तोच विषय. आग्रेकर तेवढे खट्टू. ‘ते कोल्हापूरला निघालेले. घरी जाणाऱ्याला कधी बोटी आल्यात?’

ऐतिहासिक कादंबरीचं नाव दोन अक्षरी हवं, हा त्यांचा सिद्धान्त. स्वामी, राऊ, झेप, झुंज, छावा. म्हणून यांची ‘दौड’. मी म्हटलं, पानिपत? म्हणाले, म्हणूनच हरले.

ग्रंथसखा वाचनालयाच्या वाटेवर भेटलेल्या कुणीतरी त्यांना एका प्रकाशकाचा नंबर दिला. प्रकाशक म्हणाला, नुसतं ऐतिहासिक हल्ली कठीण, प्रेरणादायी करा. नायक पहाटे पाचला उठतो, थंड पाण्याने अंघोळ करतो, मनाशी ध्येय ठरवतो, असं काही घाला. आग्रेकरांचा पारा चढला. ‘मी तीस वर्षं साडेचारला उठतोय. नळाला पाणी तेव्हाच येतं म्हणून. कुणाला प्रेरणा मिळाली? हिला नाही मिळाली, मुलाला नाही मिळाली. मुलगा तर नऊला उठून घरूनच काम करतो. त्याला परत यायचा प्रश्नच नाही, मग तो जगतो तरी कशासाठी?’

लिखाण गाडीतच चालतं, आणि तेही बसायला मिळालं तरच. त्यामुळे कादंबरीची प्रगती रेल्वेच्या हातात आहे. सकाळी अपला बसून एखादं पान होतं, पण सकाळी लिहिलेलं ते संध्याकाळी खोडतात. म्हणतात, मुंबईकडे तोंड करून परतीचं लिहिता येत नाही. नायक सध्या पारसिकच्या बोगद्यात आहे. बरेच महिने आहे. बोगद्यात अंधार असल्याने वर्णनाला वाव नाही, आणि बाहेर काढलं तर लगेच मुंब्रा येतं, म्हणून त्याला तिथे एक स्वप्न पडतं आणि स्वप्नात आग्रा. मूळ घोळ इथेच आहे. एकदा आग्र्यात शिरल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना भूमिका वाटून टाकल्या. मी दादरला चढतो आणि गर्दीत बऱ्याचदा फलाटावरच राहतो, म्हणून मला रघुनाथपंत कोरडे केलंय. पंत मागे सापडले, मार खाल्ला आणि पुढच्या वर्षी सुटले. दिव्याचा जाडा म्हणजे मिठाईचा पेटारा. त्याने हे आनंदाने स्वीकारलं.

‘आणि मी?’ शेठनी विचारलं.

‘तुम्ही हिरोजी फर्जंद.’

‘बडा रोल आहे?’

‘बडा म्हणजे काय! महाराज निघून गेले, तेव्हा त्यांच्या पलंगावर त्यांची अंगठी घालून, शेला ओढून झोपला तो हिरोजी. नंतर पहारेकऱ्यांना सांगितलं, राजांना बरं नाही, आवाज करू नका, आणि सरळ चालत बाहेर पडला.’

शेठनी जरा विचार केला. ‘मग तो घरी कसा आला?’

आग्रेकरांनी लाल पुठ्ठा उघडला, पास बाजूला केला, पुढची पानं चाळली, मागची चाळली. चष्मा कपाळावर नेला. ‘आला, आला. आला नक्की.’

‘पण कसा?’

‘थांबा, माळ्यावरच्या तुकड्यात असेल.’

‘उद्या आणा,’ शेठ म्हणाले आणि उतरण्यासाठी दाराकडे सरकले. दुसऱ्या दिवशी आग्रेकर माळ्यावरचे सगळे तुकडे पिशवीत भरून घेऊन आले. चढतानाच पिशवीचा बंद तुटला, आणि राज्याभिषेक कुर्ल्यापर्यंत दिव्याच्या जाड्याने पोटावर धरून आणला.