कॅप्स लॉकचा दिवा

आमच्या सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरमधला माणूस’ आहे. या कीर्तीचं भांडवल एवढंच, की अध्यक्षांच्या स्क्रीनची खालची पट्टी एकदा उजव्या कडेला जाऊन बसली होती, ती मी माउसने ओढून जागेवर आणली. तेव्हापासून लोक मला जिन्यात थांबवतात आणि मीही ऐटीत थांबतो. त्यामुळे घरचाच कॉम्प्युटर हँग व्हायला लागला, तेव्हा मेकॅनिकला बोलवायची सोय उरली नव्हती. तो लिफ्टने येणार, चार लोकांना दिसणार.

साफ बंद पडला असता तर नवा आणता आला असता. हा दिवसभर सुतासारखा सरळ, आणि संध्याकाळी वीजबिल भरायला ओटीपी टाकला की ठप्प. अशा वेळी जाणकार माणूस कॅप्स लॉक दाबतो. कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला-विझला, तर आत कोणीतरी जागं आहे, थांबावं. दिवा ढिम्म असेल, तर पॉवरचं बटण दाबून धरावं. आमचा दिवा लागायचा.

“म्हणजे नक्की काय झालंय?” बायकोने विचारलं.

“अभ्यास चालू आहे,” मी म्हणालो.

अभ्यासासाठी सीपीयू उघडला. (त्या पत्र्याच्या डब्याला कॅबिनेट म्हणतात हे मला ठाऊक आहे; पण घरात तसं म्हटलं तर कोणाला कळत नाही.) हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा, आणि तळाशी हळद-कुंकू व अक्षता. दरवर्षी खंडेनवमीला वरच्या जाळीतून पूजा थेट मदरबोर्डपर्यंत पोचत होती.

धूळ झटकली, आणि मग माझा आवडता विधी: रॅम काढून खोडरबरने घासणे. यात लोक फार हयगय करतात, म्हणून नीट सांगतो. डीडीआर-३च्या पट्टीला २४० सोनेरी दाते, एका बाजूला १२०. त्यांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. दुरंगी खोडरबराची निळी बाजू शाईसाठी असते, ती इथे लावणं म्हणजे सोनं खरवडणं. मुलीच्या कंपासमधलं स्ट्रॉबेरीचं सुवासिक खोडरबर चिकट. हवं ते साधं, पांढरं, मऊ. एकाच दिशेने, हलक्या हाताने, आणि चुरा ब्रशने झाडायचा. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. मग पट्टी खाचेत दाबली की दोन्ही कडांच्या खिट्ट्या ‘टक्’ करून बसतात. तो आवाज ऐकला की मला आपण इंजिनिअर झालो नाही याचं दुःख राहत नाही.

संध्याकाळी कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला.

“बाबा, विंडोज ७ आहे ते. त्याचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपला. फेका आता,” मुलगा म्हणाला. हल्ली कशालाही हेच उत्तर मिळतं, आणि ते बरोबर असतं म्हणून जास्त चीड येते.

दोष हार्ड डिस्कचा निघाला. काही सेक्टर खराब झाले होते. तिथलं वाचता आलं नाही की डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, आणि बाकीचे सगळे तिच्यासाठी खोळंबतात. दिवा लागायचा तो म्हणूनच. संध्याकाळीच का, तर अँटिव्हायरसची तपासणी त्याच वेळेला लावलेली. ती कोपरान् कोपरा धुंडाळायची. ओटीपी बिचारा निर्दोष.

फाइली उतरवून घ्यायला बसलो. कॉपी होता होता हिरवी पट्टी ‘नाना’ या फोल्डरवर अडली.

निवृत्तीनंतर नाना, म्हणजे माझे वडील, संपादकांना पत्रं लिहायचे. पाणीपट्टी, खड्डे, एसटीचं वेळापत्रक. श्रीलिपीत, दोन बोटांनी. प्रत्येक पत्राच्या फाइलीला ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरे अंतिम’ अशी नावं. छापून किती आली हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तो जुना फॉन्ट फक्त याच यंत्रात; दुसरीकडे ती पत्रं उघडली की नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. ‘फेका’ म्हणणाऱ्याला हे कुठून सांगणार? रात्री उशिरापर्यंत डिस्कची कुरकुर ऐकत बसलो. एकेक पत्र येत गेलं. ‘खरे अंतिम’ आलं नाही.

आता एसएसडी बसवली आहे, श्रीलिपीसकट. यंत्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतं. परवा व्याह्यांचा फोन आला: त्यांचाही मधूनमधून हँग होतोय, काय असेल?

मी खुर्चीत सावरून बसलो. “घरात खोडरबर कोणतं आहे?”