रागूचा सातबारा

बोलोन्या, इटली
पौषातला मंगळवार

ती. सौ. आईस,


फोनवर तू "बरं आहे ना सगळं? जेवलात का?" याच्यापुढं काही ऐकून घेत नाहीस, आणि नाना तर फोन हातात आला की नुसतं स्वतःचं कपाळ दाखवत बसतात. म्हणून सविस्तर लिहायला घेतलं. पाकिटावर महाळुंग्यापुढं ‘ता. मुळशी’ जाड अक्षरात लिहिलं आहे. चाकणजवळ आणखी एक महाळुंगे आहे, आंबेगावात पडवळांचं एक आहे. आपलं पत्र तिकडं वाचलं जायला नको, कारण आत खाण्याचा मजकूर फार आहे.

तो मजकूरही सरळ नाही. तू पत्र पडवीत बसून मोठ्यानं वाचणार आणि शेजारी माळ घातलेली आजी बसलेली असणार. तेव्हा जिथं वशाटाचा विषय निघतो तिथं मी फुली मारली आहे. फुली दिसली की आवाज खाली आण, नाहीतर आजीला इथल्या थंडीबद्दल सांग. थंडी भरपूर आहे, तीन पानांना पुरेल. पो नदीचं सगळं खोरं या दिवसांत धुक्यात असतं, सकाळी समोरच्या इमारतीची गच्ची दिसत नाही.

(फुली.) तुझे जावई हल्ली रविवारी रागू लावतात. दचकू नकोस, लग्नाआधी पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागणारा हाच तो माणूस. सकाळी नऊला पातेलं गॅसवर चढतं ते एक वाजता उतरतं. रागू म्हणजे खिमाच, पण ज्याला आयुष्यात कुणी फोडणी दिली नाही असा. कांदा, गाजर आणि सेलरी नावाची देठांची भाजी बारीक चिरून परतायची, त्यात खिमा, मग वाइन, मग टोमॅटो, आणि नंतर, बसून वाच, दूध. मटणात दूध! लसूण नाही, आलं नाही, मिरची नाही, हळदीचं तर नावच काढू नको. हे सगळं मंद आचेवर तासन्‌तास रटरटत ठेवायचं. वाइनची नशा पार उडून जाते, नानांनी उगाच आशा धरू नये.

(दोन फुल्या.) मूळ कृतीत मांस गाईचं आणि डुकराचं असतं. आपल्या घरात तसलं येत नाही. मोरोक्कोच्या एका माणसाचं दुकान आहे, तिथून जावई मेंढीचा खिमा आणतात. बोकडाचं मटण इथं सहसा मिळत नाही.

फुली संपली. आता नानांना बोलव, पुढचं त्यांच्या कामाचं आहे.

नाना, या गावात रागूचा सातबारा आहे. थट्टा नाही. 17 ऑक्टोबर 1982 रोजी इटलीच्या पाककला अकादमीनं रागूची अधिकृत कृती इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या दप्तरी रीतसर दाखल केली. एप्रिल 2023 मध्ये सुधारलेली कृती पुन्हा दाखल झाली, म्हणजे फेरफारही पडला. रागू ज्या पिठाच्या पट्ट्यांबरोबर खातात, त्या तालियातेल्लेची मोजणी तर त्याच्याही आधी, 1972 साली झाली. शिजलेली पट्टी आठ मिलिमीटर रुंद हवी. का आठ? तर गावात असिनेल्ली नावाचा जुना मनोरा आहे, साधारण 97 मीटर उंच, आणि पट्टीची रुंदी त्या उंचीच्या 12,270 व्या भागाइतकी असावी असं ठरलं आहे. पुरावा म्हणून सोन्याची एक पट्टी करून जपून ठेवली आहे. आपल्या आणि चुलत्यांच्या बांधाची मोजणी अशी मनोऱ्यावरून केली असती, तर तुमची निम्मी हयात तारखांना जाण्यात गेली नसती.

हक्कही हे लोक तसाच बजावतात. जगभर ‘स्पॅगेटी बोलोनीज’ म्हणून जे विकलं जातं ते बोलोन्यात कुणी खात नाही. रागू चपट्या पट्ट्यांना धरतो, गोल शेवयांवरून घसरतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. 2019 मध्ये इथल्या महापौरांनी लोकांना आवाहन केलं, की जगात कुठंही तसली पाटी दिसली तर फोटो काढून मला पाठवा. महापौर! आपलं गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं. तुम्हीही एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या पांढऱ्याफेक पिठल्याचा फोटो महापौरांना पाठवून बघा.

पण या सातबाऱ्यात मला एक मोकळी जागा सापडली आहे. रागू शिजवून झाला, पाहुणे जेवून गेले, पातेल्यात निम्मं उरलं, त्याचं पुढं काय करायचं याबद्दल कागदात एक अक्षर नाही. आणि मोकळी जागा दिसली की महाळुंग्याचा माणूस आधी तार ओढून घेतो, मालकी कुणाची ते मागाहून बघतो.

(फुली.) उरतं का, ते तुला सांगायला नको. चार तास गॅस जाळायचा तर वाटीभर कशाला करा, असं जावयांचं गणित. मोठं पातेलं भरतं, पोरं पहिल्या ताटाला खूश असतात, दुसऱ्याला विचारतात, "पुन्हा हेच?" त्यांचंही चुकत नाही. गाजर आणि दुधामुळं चव गोडसर, शिवाय सगळं मऊ. दाताखाली काही येत नाही आणि नाकातून पाणी काढणारं तर काहीच नाही.

आता वाराचा घोळ ऐक. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हे तू घालून दिलेलं वेळापत्रक मी इथंही मोडलं नाही. म्हणजे रविवारचा रागू सोमवारी फ्रीजमध्ये गप्प बसतो. शिजवलेलं मटण फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांवर ठेवू नये असं सगळीकडं छापलेलं असतं, आणि चौथा दिवस पडतो गुरुवारी. त्यामुळं उरतात मंगळवार आणि बुधवार. विज्ञान आणि पंचांग यांचं एकमत झालेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

एक दिवस मुरलेलं मटण जास्त चांगलं लागतं हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. शिजताना मांसाच्या शिरांतून जो चिकटपणा सुटतो तो गार झाल्यावर आळतो, मसाला आत जातो, वर तुपकट थर येतो. रागूत मसालाच नसल्यामुळं आत जायला बिचाऱ्याला कुणी मिळत नाही. ते काम मी मंगळवारी करते आणि रागूचा खिमा-पाव होतो.

लोखंडी तव्यात थोडं तेल. ठेचलेलं आलं-लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर हळद. मग तू दिलेला कांदा-लसूण मसाला, चांगला चमचाभर. मसाला करपायच्या आत रागू आणि मग नुसतं परतत राहायचं. सगळी मेख परतण्यात आहे. रागूत पाणी राहिलं तर पाव भिजून त्याचा लगदा होतो. दूध आटलं पाहिजे, टोमॅटो आटला पाहिजे, खिमा सुटा होऊन कडेनं तेल दिसलं पाहिजे. हे साधायच्या आधीच उतरवलं तर पोरं लगेच ओळखतात, "आई, हा अजून इटालियनच आहे." खाली घेतल्यावर लिंबू, तेही सढळ हातानं, कारण गोडसरपणा त्यानंच मोडतो. वरून कोथिंबीर आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. हे फ्रीजमधून काढण्यापासून ताटात येईपर्यंत पाव तासाचं काम आहे, आणि आधीच्या चार तासांपेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. जावयांना हे वाक्य कळवू नको.

लादीपाव इथं नाही. इथला पाव बाहेरून असा कडक की दाढ हलायची. पण दुकानात लहान मुलांच्या डब्यासाठी दुधातले मऊ बन मिळतात, ‘पानिनी आल लात्ते’. ते मधोमध कापून तव्यावर लोण्यात भाजले की डोळे मिटून खाताना डेक्कनला बसल्यासारखं वाटतं. नाना आम्हाला गुडलकमध्ये न्यायचे ते आठवतं. ते हॉटेल 1935 पासूनचं, आणि बिल बघून नाना म्हणायचे की उधारीही तेव्हापासूनची असती तर बरं झालं असतं. बुधवारी खिमा तळाला जातो तेव्हा त्यात दोन-तीन अंडी फोडून घोटाळा करते. चौघांना पुरतो. धाकटीला पाव नको असेल तर पियादिना. ही रोमान्याकडची जाडसर पोळी. पूर्वापार ती डुकराच्या चरबीत मळतात, मी ऑलिव्हच्या तेलातली बघून घेते. मधे खिमा घालून दुमडायची आणि वरून उलथण्यानं दाबत भाजायची.

थोरल्याला वर चीज किसून लागतं. इथल्या पार्मेजानोची एक चकती करायला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि ती निदान वर्षभर मुरवतात. नाना, हिशेब करा, आपल्या गोठ्यातलं किती दिवसांचं ते. आणि इथल्या गोठ्यांत गाई सांभाळायला पुष्कळ माणसं पंजाबची आहेत. नोव्हेल्लारात त्यांचा मोठा गुरुद्वारा 2000 साली उभा राहिला. म्हणजे माझ्या खिमा-पावात मेंढी मोरोक्कोच्या दुकानातली, चीज पंजाब्याच्या हातच्या दुधाचं, मसाला मुळशीचा, आणि नाव मात्र बोलोन्याचं.

खालच्या मजल्यावर एक आजी राहते, ऐंशीच्या पुढची. पट्ट्यांचं पीठ अजून घरी लाटते, आणि तिचं लाटणं चांगलं मीटरभर लांब आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच. पहिल्यांदा मी लसणाची फोडणी रागूला दिली तेव्हा वास जिन्यातून खाली गेला आणि आजी वर आली. दारातच उभं राहून दोन्ही हातांची बोटं जुळवून ती काय बोलली ते सगळं मला कळलं नाही, पण ‘लसूण’ आणि ‘रागू’ हे शब्द तिनं एकापुढं एक ठेवून मधे देवाचं नाव घेतलं. जावयांनी वकिली केली. म्हणाले, रागू रविवारी संपला, हा खिमा आहे, वेगळं प्रकरण आहे. तिनं मुद्दा मान्य केला नाही, पण खुर्ची मान्य केली.

खाल्लं मात्र काटा-चमच्यानं, पाव बाजूला काढून. मिरची लागली तशी लालबुंद झाली. मी दूध पुढं केलं, तिनं ते परत सारलं आणि पाव ओढून घेतला. मग तिनं तिच्या माहेरची युक्ती सांगितली. मक्याचं पीठ घट्ट शिजवून पाटावर ओतायचं, गार झालं की वड्या कापून तळायच्या, वर उरलेला रागू. म्हणजे तिलाही शिळ्याचा मोह आहेच, फक्त तो कागदावर आणलेला नाही. त्यानंतर मंगळवारी संध्याकाळी आमच्या दारावरची घंटा वाजते. काहीतरी निमित्त असतं, कधी पत्रपेटीतला कागद, कधी जिन्यातला दिवा.

तुझ्याकडं आखाडात रस्सा उरतो तेव्हा हेच कर. हाडं काढून टाक, फोडी हातानं कुस्कर, रस्सा आटवून कोरडा कर. फार तिखट झाला तर उकडलेला बटाटा मिसळ आणि पावात भर. तिकडची पोरं बाहेरचं काही खायला मागणार नाहीत. फक्त एक ऐक. पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी उकळी देण्याची आपली पद्धत मुळशीच्या थंडीत चालून गेली, आखाडाच्या दमट हवेत नको. उतरवल्यावर पसरट भांड्यात काढायचं, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचं, आणि लागेल तेवढंच काढून वाफ येईपर्यंत कडकडीत गरम करायचं. नाना म्हणतील आमचं पोट अजून काही बिघडलं नाही. त्यांचं नाही बिघडायचं, त्यांनी मुळेचं पाणी ओंजळीनं प्यायलेलं आहे. नातवंडांची गोष्ट वेगळी.

फुली संपली, आता मोठ्यानं वाच. आजीला सांग, नात इथंही एकादशी पाळते, आणि भगरीचं पुडकं अजून शिल्लक आहे. पोरं शाळेत इटालियन बोलतात आणि घरी भांडताना मराठी, त्यामुळं भाषेची काळजी नको. नानांना म्हणावं, गुडघ्याला तेल लावून घ्या आणि नव्या टॉवरमधल्या लोकांशी पार्किंगवरून वाद घालू नका.

तुझी,
लेक

ता. क. बाणेरच्या मैत्रिणीचा भाऊ फेब्रुवारीत इकडं येतो आहे, त्याच्याकडं सामान देणार असशील तर तूप अजिबात देऊ नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-तूप आणि मटण युरोपात आणता येत नाही. सुक्या मासळीला कायद्याची एवढी हरकत नाही, पण त्या मुलाला परत कुणी शेजारी बसवून घ्यायला हवं. कांदा-लसूण मसाला तेवढा दे, आणि या वेळी दुप्पट. खालच्या आजीनं स्वतःची धुऊन पुसलेली बरणी माझ्या ओट्यावर आणून ठेवली आहे, आणि तिच्यावर थरथरत्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : ‘रागूसाठी.’