एक टेबल, एक रविवार

१६ पानांचं कॉमिक करायला ४ ए-फोर कागद लागतात. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढायची आणि मधोमध दुमडायचं. पहिल्या कागदावर सोळावं आणि पहिलं पान शेजारीशेजारी, त्याच्या पाठीवर दुसरं आणि पंधरावं. एक बाजू उलटी पडली की अख्खा गठ्ठा रद्दीत. घरातला स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. मग तो पूर्ण उघडायचा, खाली जाड पुठ्ठा ठेवून पिना ठोकायच्या, अलगद उपसायच्या आणि चमच्याच्या दांड्यानं आत वळवायच्या. १०० प्रती म्हणजे २०० पिना. बोटं सोलवटतात.

एवढं करून ते विकायचं कुठे? ठाण्यापासून कल्याणपर्यंत या प्रश्नाला आज एकच उत्तर मिळतं: मुंबईला जा.

मुंबईत २०१७ साली ‘इंडी कॉमिक्स फेस्ट’ सुरू झाला आणि पुढे तो दुसऱ्या शहरांतही गेला. स्वतः काढा, स्वतः छापा, टेबलामागे स्वतः बसून विका, हा त्याचा गाभा. २०११ साली दिल्लीत सुरू झालेलं कॉमिक कॉन वेगळं. तिकीट, झगमगाट, परदेशी सुपरहीरोंचे पोशाख. त्याच्याशी माझं भांडण नाही, पण तिथल्या गर्दीत हे पिना मारलेलं कॉमिक कोणाच्या नजरेला पडणार? इंडीवाल्यांच्या टेबलाशी मात्र वाचक थांबतो, पान उलटतो आणि काढणाऱ्यालाच विचारतो, हा माणूस असा का काढलास? चित्रकाराला पैशांइतकीच या प्रश्नाची भूक असते.

आता आपल्याकडे बघा. २०१० साली ठाण्यात ८४वं साहित्य संमेलन झालं, २०१७ साली डोंबिवलीत ९०वं. मांडव आम्हाला घालता येतो, पालख्या उचलता येतात, माणसं जमवता येतात. तरीही चित्रकथेसाठी दरवर्षीचा एक दिवस आम्ही राखून ठेवलेला नाही, कारण ती पोराटोरांची करमणूक असं आम्ही ठरवून टाकलंय. ‘चित्रं काय बघतोस, काहीतरी वाच’ हे मी लहानपणी रोज ऐकलं. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तरीही वाचला, वहीच्या आड धरून. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं. पुढच्याच वर्षी ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला, आणि कितीतरी घरांत पेपर आधी त्या पानावर उघडायला लागला. मराठी वाचकाला चित्रकथा चालत नाही, असं आता कोणी मला सांगू नये.

डोंबिवलीच्या फास्ट लोकलच्या नावानं २००५ साली सिनेमा निघाला. त्याच लोकलमधली चौथी सीट, डब्यातलं भजन, पत्रीपुलावरची कोंडी, खाडीवरची संध्याकाळ हे सगळं चित्रचौकटींत यायचं बाकी आहे. ते काढणारी पोरं इथेच राहतात, आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये गठ्ठा छातीशी धरून दादरला निघतात. हे मला लागतं.

टोकियोचा कॉमिकेट हा स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळा १९७५च्या डिसेंबरात ३२ गटांवर सुरू झाला. आलेली माणसं ७०० च्या आसपास. आज तिथे लाखोंनी येतात. आपल्याला लाख नकोत. २५ टेबलं आणि एक रविवार, दरवर्षी ठरलेला. भाडं नाही, तिकीट नाही. दीपप्रज्वलन नको, प्रमुख पाहुणे नकोत, माईकसुद्धा नको. नियम एकच, ज्यानं काढलं त्यानंच विकायचं.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पुस्तकासाठी जागा करायची सवय या पट्ट्याला तेव्हापासूनची. डोंबिवलीत तर गल्लोगल्ली शाळा आहेत. मे महिन्यात त्यांचे हॉल रिकामे असतात, आणि बाकं भिंतीला लावून ठेवलेली असतात.