अभिमानाला एटीकेटी

ऑगस्टमध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरावरून जायचं असेल तर कानात बोळे घालून जावं. आत पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या चालू असतात आणि बाहेर उद्याची टीम आजच्या टीमला घाबरवत असते. ‘अरे आव्वाज कुणाचाऽऽ’ अशी आरोळी उठते आणि पन्नास घसे एका दमात कॉलेजचं नाव घेतात. मागे एकदा तिथे एक पोरगा पाहिला. डोक्यावर प्लायवूडची भिंत, बोटांना रंग, घसा पार बसलेला. आवाज फुटत नव्हता, तरी ओठ हलवून घोषणा देत होता. नाटकात काम काय करतोस, विचारलं तर म्हणाला, ‘काका, बॅकस्टेज.’ म्हणजे टाळ्या पडतील तेव्हा हा अंधारात भिंत धरून उभा. तीन विषयांत एटीकेटी आहे, हेही त्यानेच सांगितलं. तेही छाती फुगवून.

ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. ‘आव्वाज कुणाचा, पुणे विद्यापीठाचा’ असं कुणी ओरडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. २०१४ साली नाव वाढून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, ते ठेक्यात बसत नाही म्हणावं, तर त्याआधी पन्नास वर्षं नाव चांगलं सुटसुटीत होतं. तेव्हाही कुणाला घसा बसवून घ्यावासा वाटला नाही.

२०२२ मध्ये अंतिम फेरीत परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची वाटली नाही. करंडक कुणालाच दिला नाही. कॉलेजांच्या कट्ट्यांवर सुतक पडलं. परीक्षक बरोबर की पोरं बरोबर यावर लोक तावातावाने भांडले. पुढे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात पुणे विद्यापीठ २३ वरून थेट ५६ वर घसरलं. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, प्राध्यापकांनी उसासे टाकले. कट्ट्यावर मात्र क्रीम रोल संपले का, एवढीच चौकशी चालू होती.

यात पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचाच तर १८५७ ला द्या. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदव्या वाटायच्या विद्यापीठाने. रानडे आणि भांडारकर १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते, पण शिकले एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये. पुढे विद्यापीठांत स्वतःचे विभाग निघाले, ग्रंथालयं झाली, वसतिगृहं झाली. पण बीए-बीकॉमच्या लाखो पोरांसाठी विद्यापीठ अजून दोनदाच उगवतं. एकदा परीक्षेचा फॉर्म भरताना, एकदा निकाल लागताना. म्हणजे कॉलेज हे घर आणि विद्यापीठ हा तलाठी. सातबारा काढून दिला म्हणून तलाठ्याचा अभिमान बाळगणारा शेतकरी तुमच्या पाहण्यात आहे का?

आमचा तलाठी कसा होता ते सांगतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, तुमचंच असेल. पदवी प्रमाणपत्र हातात पडलं तर त्यावर आईचं नाव ‘मंगल’च्या जागी ‘मंगळ’. लोकांच्या पत्रिकेत मंगळ असतो, माझ्या प्रमाणपत्रात निघाला. एसटीने तीन तास बसून गेलो. खिडकी क्रमांक सात. काचेला अर्धगोल भोक, तेही इतकं खाली की कमरेत वाकल्याशिवाय आतलं माणूस दिसत नाही. विद्यापीठापुढे नतमस्तक व्हायची सोय बांधकाम विभागानेच करून ठेवलेली. वाकून मॅडमना चूक दाखवली. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

‘एवढ्यासाठी आलास होय? मंगल काय, मंगळ काय. कळतंय ना?’

‘मॅडम, तो ग्रह आहे.’

‘मग अर्ज कर. चलन भर. कॉलेजचं पत्र आण. आणि ॲफिडेव्हिट.’

आई ही आईच असल्याचं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. कॉलेजातल्या हेडक्लार्कनी मात्र पत्र बसल्या जागी लिहिलं, शिक्का मारला, शिपायाला सांगून चहा मागवला आणि वर म्हणाले, ‘अरे, तू त्या गणपतीच्या नाटकात राक्षस होतास ना?’ आता मला सांगा, अभिमान कुणाचा वाटायचा? जो राक्षसाला ओळखतो त्याचा, की जो आईला ग्रहमालेत धाडतो त्याचा?

विद्यापीठांनाही हे आतून ठाऊक असावं. म्हणून मग अभिमान बाहेरून चिकटवायची खटपट चालते. विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकचं पथक येणार म्हटलं की पंधरा दिवस आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो, बंद नळांना पाणी येतं, ग्रंथालयातली धूळ झटकली जाते, एनएसएसच्या पोरी नऊवारी नेसून आरत्या घेऊन उभ्या राहतात. श्रेणी मिळाली की कुलगुरूंच्या हात जोडलेल्या फोटोसकट फ्लेक्स. ‘ए’च्या पुढे अधिकचं चिन्ह एक आहे की दोन, यावर फ्लेक्सची लांबी ठरते. पोरं त्याच फ्लेक्सच्या सावलीत उभी राहून निकाल कधी लागणार याची चौकशी करतात.

पुणे विद्यापीठात २०१७ मध्ये एक सुवर्णपदक गाजलं. परिपत्रकात अट होती, विद्यार्थी शाकाहारी हवा. गुणवत्ता ताटात तपासायची ही कल्पना मला मोठी क्रांतिकारक वाटली होती. बोंबलाला ग्रेस मार्क द्यावेत की नाही, यावर अभ्यास मंडळाची बैठक बसली असती. गदारोळ झाला आणि परिपत्रकाला स्थगिती द्यावी लागली. २०१९ च्या पदवीप्रदान समारंभात इंग्रजी झगा-टोपी जाऊन पुणेरी पगडी आली, तर विद्यार्थी म्हणाले, विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावाचं, पगडी फुल्यांची हवी. मुद्दा पोरांचा बरोबर होता. आणि बघा, विद्यापीठाच्या नावावरून पोरं तळमळीने बोलली ती त्याच दिवशी.

तिकडे मुंबई विद्यापीठाकडे राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले आणि १८७८ मध्ये तो पुरा झाला. पावणेतीनशे फुटांच्या वर उंच, चहू बाजूंनी घड्याळं. वेळ दिसत नाही असं म्हणायची सोय नाही. तरी २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची टूम निघाली आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. कायदा तीस दिवस सांगतो, फार तर पंचेचाळीस. परदेशी प्रवेश घेतलेली पोरं त्या टॉवरकडे बघत बसली.

पण सगळीकडे हेच रडगाणं नाही, आणि इथे माझी जीभ थोडी आवरते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मध्ये साडेपंधरा वर्षं लाँग मार्च, लाठ्या, तुरुंग. आज त्या तारखेला तिथल्या प्रवेशद्वारावर जाऊन पाहा. लातूर-नांदेडहून, विदर्भातून माणसं आलेली असतात. पुस्तकांचे, कॅसेटी गेल्यापासून पेनड्राइव्हचे स्टॉल. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी कमानीच्या खांबाला हात लावते, तो हात कपाळाला लावते आणि नातवाला म्हणते, ‘इथं उभा ऱ्हा, फोटू काढू.’ तिने आतला एकही वर्ग पाहिलेला नाही. तिला नॅकची श्रेणी विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा नमुना ‘कमवा आणि शिका’वाल्यांचा. मंत्र कर्मवीर भाऊराव पाटलांचा, आता विद्यापीठांच्या योजनांतही तो आहे. गावाकडून आलेला पोरगा दिवसाचे दोन-तीन तास विद्यापीठाच्या आवारात झाडांना पाणी घालतो नाहीतर ग्रंथालयात पुस्तकं लावतो आणि त्या पैशांत मेस भागवतो. असा एक जण मला आवार दाखवत होता. बाकीचे लोक इमारती दाखवतात. हा म्हणाला, ‘सर, हे आळं मी केलंय.’ आळ्यात करंजाचं रोप होतं, गुडघ्याएवढं. ‘आमचं विद्यापीठ’ हा शब्द मी विद्यार्थ्याच्या तोंडून पहिल्यांदा तिथे ऐकला. फुकट मिळालेल्या पेनचा आणि सॅकचा अभिमान वाटत नसतो. घाम गेला असेल तिथे तो न सांगता उगवतो. त्या प्लायवूडवाल्या पोराचं तरी दुसरं काय?

तेव्हा समस्त कुलगुरूंना हात जोडून विनंती. एक वर्ष फ्लेक्स छापू नका. त्या पैशांत खिडकी क्रमांक सातचं भोक दोन फूट वर घ्या, समोर चार खुर्च्या आणि एक पंखा लावा, आणि निकाल कायद्यात लिहिलाय तेवढ्या दिवसांत लावा. पोरं आरोळ्या देतीलच असं नाही, पण शिव्या देणं थांबवतील. सुरुवात म्हणून तेवढं बरं.

माझं दुरुस्त प्रमाणपत्र पाचव्या फेरीत मिळालं. आई पृथ्वीवर परत आली. कॉलेजचं नाव मात्र चुकलं होतं. ते तसंच कपाटात आहे.