विहिरीत ढकलले गेल्यावर काय करावे

बेल्ह्याकडे पोहायला शिकवत नाहीत, विहिरीत ढकलतात. म्हणून पुढच्या सूचना काठावर उभं असतानाच वाचून घ्याव्यात. नंतर सवड मिळत नाही.

सोमवार टाळावा. त्या दिवशी बेल्ह्याचा आठवडे बाजार, आणि तुम्हाला वर ओढणारी माणसं बैलबाजारात दात मोजत असतात. पिंपळगाव जोग्याच्या कालव्याला आवर्तन सुटून विहिरींना पाझर लागला असेल तर उत्तम. पाणी वर येतं, पडायचं अंतर कमी होतं. मोटर बंद आहे ना, हे आधी बघावं. ही एक सूचना थट्टेतली नाही.

साहित्य : पूर्वी पांगाऱ्याचा ओंडका किंवा वाळका भोपळा असे. आता पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा, तोंडाला डाख देऊन बंद केलेला. हा डबा पाण्यात पूर्ण दाबला तर सोळाएक लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे पाणी त्याला सोळा किलोच्या जोराने वर ढकलतं. किलोभर डब्याच्या वजनात गेलं. उरलेले पंधरा तुमचे. हा हिशेब आर्किमिडीजने सुमारे २२०० वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. डबा पाठीलाच आवळून बांधावा. तो पायांकडे सरकला तर पाय तरंगतात आणि डोकं खाली जातं. तुम्ही श्वास कुठल्या टोकाने घेता याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही.

मला धाकट्या चुलत्यांनी डब्याशिवायच ढकललं. मी सगळे करतात तेच केलं : ‘मेलो!’ म्हणून ओरडलो आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही गोष्टी शास्त्राविरुद्ध. छातीत पुरेपूर हवा भरलेल्या साठ किलोच्या माणसाकडे पाण्यात जेमतेम किलो-दोन किलोची शिल्लक असते. एकेक हात तीन किलोच्या आसपास. पाण्यात असेपर्यंत त्यांचा भार पाणी वाहतं, बाहेर काढले की तुम्ही. शिल्लक दोन, खर्च सहा. नाक गेलंच खाली. त्यात ओरडण्यात लिटरभर हवा उडवली की आणखी एक किलो बुडीत खाती. तेव्हा हात पाण्यातच ठेवावेत, मान मागे टाकावी, छाती फुगवावी आणि चुलत्यांना द्यायच्या शिव्या मनातल्या मनात द्याव्यात.

चार दिवसांनी कोणीतरी तळाचा गाळ आणायची पैज लावतं. विहीर अरुंद आहे म्हणून दाब कमी असेल, असं समजू नये. दाब खोलीवर ठरतो. येडगाव धरणात दहा फुटांवर जेवढा, तेवढाच तुमच्या विहिरीत दहा फुटांवर. आधी कानांना दडे बसतात. तीस-तेहतीस फुटांवर दाब वरच्या दुप्पट होतो, छातीतली हवा निम्म्या जागेत आवळली जाते आणि वर उचलणारी ती दोन किलोंची शिल्लक संपून उलटी उधारी सुरू होते. खाली जाणं सोपं होत जातं, पैज लावणाऱ्याला एवढंच माहीत असतं. पैज घेऊ नये.

बाहेर आल्यावर कानातलं पाणी निघत नाही. उन्हात तापलेला एखादा चपटा दगड शोधून कानाला लावावा, मान तिकडे कलती करावी आणि त्याच बाजूच्या पायावर उड्या माराव्यात. आत गुडगुड होते, मग एक कोमट थेंब गालावर ओघळतो. तो आला की पुन्हा मोटेच्या जुन्या धावेवर जाऊन उभं राहावं. मागे कोण उभं आहे, ते बघून घ्यावं.