पाय चुकलेत

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतोच, जो लग्नात मांडवात कमी आणि मांडवामागच्या उंबराखाली जास्त सापडतो. आमच्याकडे ते अण्णा. अक्षता पडतात तेव्हा सगळ्यांच्या माना नवरा-नवरीकडे, अण्णांची वर झाडात. काकू लांबून डोळे वटारते. अण्णा तिलाच तोंडावर बोट ठेवून गप्प करतात. उंबरावर हरियाल आलेला असतो.

आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, आणि निवृत्त झाल्यापासून फक्त पक्षी आणि जनावरं काढतात. म्हणजे काढायला घेतात. "धनेश कुठवर आला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून बसला नाही." फांदीवर बसला नाही की कागदावर, हे विचारायची सोय नाही. घरात उत्तम जाड कागद आहे, पण तो ट्रंकेत. खरी चित्रं निघतात लग्नपत्रिकांच्या पाठीवर. "महागाचा कागद बघून हात बिचकतो रे," म्हणतात. त्यामुळे त्यांच्याकडच्या प्रत्येक पक्ष्यामागे कुणाचा तरी शुभविवाह आहे. जोडप्याची नावं ते विसरतात, पक्षी विसरत नाहीत. आमच्या एका जावयांना ते आजही 'तांबट' म्हणूनच ओळखतात.

रंगाच्या बाबतीत भलते काटेकोर. खंड्याचं गळालेलं पीस दिसलं की जागेवरच शाळा भरते. पीस हातावर असलं की निळंशार. तेच उचलून उजेडाच्या आड धरलं की मातकट. "पिसात निळा रंग नाहीच मुळी. त्याची वीणच अशी, की उजेडातला निळा तेवढा ती परत पाठवते. आता सांग, ट्यूबमधला निळा पुरा कसा पडणार?" चित्र अर्धवट राहण्याचं याहून भारदस्त कारण मी ऐकलेलं नाही. पीस पुन्हा जिथल्या तिथे ठेवून मंडळी पुढे निघतात.

एकदा भाच्याने मोठ्या हौसेने 'खास' ब्रशांचा संच आणला. अण्णांनी टोक बोटावर फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे मुंगूस आहे." मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे भाच्याच्या गावीही नव्हतं. "मुंगूस मारून मुंगसाचं चित्र काढू होय?" चहा निवेपर्यंत भाचा ऐकत होता. अण्णा स्वतः नायलॉनचे साधे ब्रश वापरतात आणि त्यांची टोकं काकूच्या भरतकामाच्या कात्रीने कापतात. त्यांच्या संसारातलं हे एकमेव कायमचं भांडण.

कुणाचंही चित्र दाखवा, अण्णांची नजर आधी खाली जाते. "पाय चुकलेत." एका कार्यालयाच्या भिंतीवर कुणी हरियाल रंगवला होता, पाय लालभडक. राज्यपक्ष्याचे पाय हळदीसारखे पिवळे असतात, असा अण्णांनी रीतसर अर्ज दिला. अर्ज संबंधित विभागाकडे गेला आणि तिकडेच राहिला. मग एका रविवारी अण्णाच पिवळ्या रंगाची डबी घेऊन पोचले. वॉचमनने स्टूल धरलं.

हेवा करतात तो फक्त उस्ताद मन्सूरचा. 1621मध्ये जहांगीरच्या दरबारात झेब्रा आला, पट्टे कुणी रंगवलेत की काय अशी शंका लोकांना आली, आणि मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ही गोष्ट आम्हाला पाठ आहे. "त्याला बादशहा जनावर समोर आणून उभं करत होता. मला पीएमपीच्या बसने कवडीपाटला जावं लागतं." थंडीत मुळा-मुठेवर उतरणारे चक्रवाक बघायला ते पहाटे निघतात. तिथलं एक चित्र त्यांनी चक्क पूर्ण केलं. तांबूस सोनेरी चक्रवाक, खाली गढूळ पाणी आणि शेजारी तरंगणारी दुधाची पिशवी. एक गृहस्थ ते दिवाणखान्यासाठी घ्यायला आले. म्हणाले, "तेवढी पिशवी काढून द्या." अण्णा म्हणाले, "नदीतली काढा, मग चित्रातली काढतो." चित्र अजून घरातच आहे.

अण्णांचा एकही विद्यार्थी चित्रकार झाला नाही. एक रिक्षा चालवतो, एकीचं ब्यूटी पार्लर आहे. पण रिक्षावाला सिग्नलला मान वर करून पॅसेंजरला सुनावतो, "घार नाही साहेब, शिक्रा." आणि पार्लरच्या भिंतीवरच्या मोराचे पाय बरोबर आहेत. एका ड्रॉइंगच्या मास्तराकडून याहून जास्त काय हवं?

तुमच्या नात्यातही असे कुणी असतील. त्यांना आमंत्रण व्हॉट्सअॅपवर धाडू नका. छापील पत्रिका द्या, आणि मागची बाजू कोरी ठेवा.